पुरेशी रॅम म्हणजे किती?

उत्साही : लॅपटॉप घेताना रॅमच्या बाबतीत काटकसर करू नये, हे आता वादाच्या पलीकडे गेले आहे. प्रोसेसर ज्या माहितीवर त्या क्षणी काम करीत असतो ती माहिती हाताशी धरून ठेवणारी तात्पुरती स्मृती म्हणजे रॅम. वीज बंद होताच ती पुसली जाते, आणि फाइली कायमच्या साठवणाऱ्या एसएसडीहून किंवा हार्ड डिस्कहून ती याच बाबतीत वेगळी ठरते. या स्मृतीची गरज प्रत्येक पिढीत वाढतच गेली आहे. विंडोज ९५ किमान ४ एमबी रॅमवर चालत असे. २००१च्या विंडोज एक्सपीला ६४ एमबी लागू लागली, २००९च्या विंडोज ७च्या ६४-बिट आवृत्तीला २ जीबी, आणि २०२१मध्ये आलेल्या विंडोज ११ला ४ जीबी. म्हणजे २६ वर्षांत किमान अट १,०२४ पटींनी वाढली. मे २०२४मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘कोपायलट प्लस पीसी’ या नावाने विकल्या जाणाऱ्या यंत्रांसाठी १६ जीबी ही किमान मर्यादा ठरवली, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलने मॅकबुक एअरची मूळ रॅम ८वरून १६ जीबीवर नेली. तेव्हा नवे यंत्र घेणाऱ्याने १६ जीबीच्या खाली उतरू नये आणि ऐपत असेल तर ३२ जीबी घ्यावी, असाच निष्कर्ष या वाटचालीतून निघतो.

संशयी : इतिहास बरोबर आहे, पण निष्कर्ष त्यातून आपोआप निघत नाही. किमान अटींची चढती यादी एवढेच सांगते की सॉफ्टवेअर तयार करणाऱ्यांनी मिळेल तेवढी जागा व्यापली. वापरणाऱ्याचे काम हजार पटींनी वाढले, असे तिच्यावरून सिद्ध होत नाही. मराठीत लेखन करणाऱ्याचे काम किती मोठे असते, ते मोजून पाहावे. युनिकोडच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरीतले प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, काना असो वा अनुस्वार, ३ बाइट जागा घेते. पानाला १,८०० चिन्हे धरली तर ३०० पानांच्या कादंबरीत ५ लाख ४० हजार चिन्हे होतात आणि त्यांना लागणारी जागा दीड एमबीच्या आसपास भरते. ८ जीबीत अशा ५ हजारांहून अधिक कादंबऱ्या एकाच वेळी मावतील. असे असताना लेखक, अनुवादक, शिक्षक किंवा हिशेबनीस यांना ३२ जीबीचा सल्ला देणे म्हणजे गरज न पाहता माप ठरवणे होय. दुसरा घोळ ‘रॅम भरली’ या तक्रारीत असतो. रिकामी रॅम कोणाच्याच उपयोगाची नसल्यामुळे कार्यप्रणाली पूर्वी वाचलेल्या फाइलींच्या प्रती तिच्यात ठेवून देते आणि जागा हवी झाली की त्या ताबडतोब टाकून देते. म्हणून ‘मोकळी’ या सदराखालचा आकडा लहान दिसला तरी काही बिघडलेले नसते. महत्त्व ‘उपलब्ध’ या आकड्याला असते. शिवाय तीच कामे करणारा ३२ जीबीचा लॅपटॉप ८ जीबीच्या लॅपटॉपपेक्षा जास्त रॅम वापरात असल्याचे दाखवतो, कारण जागा मुबलक असली की प्रोग्रामही ऐसपैस पसरतात.

उत्साही : कादंबरीचा हिशेब चोख आहे, परंतु लेखक नुसता मजकूर उघडून बसत नाही. जुन्या मराठी मासिकांवर संशोधन करणाऱ्या अभ्यासकाचे उदाहरण घ्यावे. ए-४ आकाराचे एक पान इंचाला ३०० बिंदू या प्रमाणात स्कॅन केले, तर त्याची लांबी-रुंदी ३,५०८ आणि २,४८० बिंदू भरते, म्हणजे सुमारे ८७ लाख बिंदू होतात. रंगीत चित्रात प्रत्येक बिंदूला किमान ३ बाइट लागतात, तेव्हा ते एक पान रॅममध्ये साधारण २५ एमबी जागा घेते. डिस्कवर तेच पान दाबून बसवलेले, अर्थात कॉम्प्रेस केलेले, असल्यामुळे काहीशे केबीत मावते आणि फाइल लहान दिसते. पडद्यावर दाखवताना मात्र ते पूर्ण उलगडावे लागते. वाचनाचा प्रोग्राम मागची-पुढची पानेही तयार ठेवतो, आणि अशी २० पाने उलगडली की अर्धा जीबी संपतो. फाइलीच्या आकारावरून रॅमची गरज ठरवणारा माणूस येथेच फसतो. ब्राउझरचेही तसेच आहे. गूगल क्रोमने २००८मधील पहिल्या आवृत्तीपासून टॅब वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये, म्हणजे स्मृतीच्या स्वतंत्र कप्प्यांमध्ये, चालवण्याची रचना स्वीकारली. जानेवारी २०१८मध्ये ‘स्पेक्टर’ हा प्रोसेसरमधला दोष जाहीर झाल्यावर त्याच वर्षी प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र प्रक्रिया देण्याची पद्धत सरसकट लागू झाली, आणि तिच्यामुळे रॅमचा वापर सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढतो, हे गूगलनेच सांगितले. बँकेच्या पानावरची माहिती शेजारच्या टॅबमधल्या भामट्याच्या हाती पडू नये, यासाठी मोजलेली ती किंमत आहे. सॉफ्टवेअर फुगले असे सरसकट म्हणताना त्या फुगण्यातला किती भाग सुरक्षिततेचा आहे, हेही पाहावे लागेल.

संशयी : स्कॅनचा मुद्दा मान्य करावाच लागतो आणि सुरक्षिततेचाही. तरी उघडे असणे आणि वापरात असणे या दोन गोष्टी येथे एकत्र झाल्या आहेत. मँचेस्टर विद्यापीठात तयार झालेल्या ‘ॲटलस’ संगणकाने १९६२मध्येच आभासी स्मृतीची कल्पना प्रत्यक्षात आणली होती. प्रोग्रामला लागणारी माहिती लहान-लहान तुकड्यांत, ज्यांना ‘पेज’ म्हणतात, विभागायची, त्यांतली सध्या लागणारी पेजेस वेगवान स्मृतीत ठेवायची आणि बाकीची संथ साठ्यात पाठवायची, अशी ती युक्ती होती. आजच्या प्रत्येक लॅपटॉपमध्ये तीच चालते. पुढे १९६८मध्ये पीटर डेनिंग या शास्त्रज्ञाने ‘वर्किंग सेट’ ही संकल्पना मांडली. तिला मराठीत कार्यसंच म्हणता येईल. एखादा प्रोग्राम अलीकडच्या थोड्या काळात ज्या पेजेसना प्रत्यक्ष हात लावतो त्यांचा समूह म्हणजे त्याचा कार्यसंच, आणि प्रोग्राम सुरळीत चालण्यासाठी तेवढाच समूह रॅममध्ये असणे पुरते. प्रोग्राम आपल्या सगळ्या माहितीला सारख्या प्रमाणात हात लावत नाहीत. ते ठरावीक भागांतच घोटाळत राहतात. ब्राउझरमध्ये ४० टॅब उघडे असले तरी वाचला जातो एकच, बाकीचे झोपलेले असतात. अशी झोपलेली पेजेस रॅममध्येच दाबून ठेवण्याची सोय ॲपलने २०१३मध्ये मॅव्हरिक्स आवृत्तीत आणि मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये विंडोज १०मध्ये दिली. तेव्हा रॅमची गरज उघड्या खिडक्या मोजून ठरत नाही. दिवसातल्या सर्वांत जड कामाच्या तासात एकाच वेळी किती माहितीला हात लागतो, त्यावर ती ठरते. आणि पुष्कळांच्या बाबतीत तो आकडा ८ जीबीच्या आतच राहतो.

उत्साही : ज्या डेनिंगचा आधार घेतला, त्यानेच दुसरीही गोष्ट दाखवून दिली आहे. सर्व प्रोग्रामच्या कार्यसंचांची बेरीज रॅमपेक्षा मोठी झाली की यंत्र उपयोगाचे काम सोडून पेजेसची ने-आण करण्यातच वेळ घालवू लागते. या अवस्थेला ‘थ्रॅशिंग’ म्हणतात आणि रोजच्या बोलण्यात ‘लॅपटॉप हँग झाला’ असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा हेच घडत असते. त्यामागचे प्रमाण लक्षात घ्यायला हवे. रॅममधली माहिती हाती येण्यास सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात, एसएसडीमधून ती आणण्यास १०० मायक्रोसेकंदांच्या आसपास, आणि फिरत्या हार्ड डिस्कवरून सुमारे १० मिलिसेकंद. रॅमला लागणारा वेळ १ सेकंद मानला, तर एसएसडी साधारण १७ मिनिटे घेते आणि हार्ड डिस्क २८ तासांच्या जवळपास. हे अंतर एवढे मोठे असल्यामुळे रॅमची तूट हळूहळू जाणवत नाही. गरज रॅमच्या आत असेतो सर्व काही सुरळीत चालते आणि मर्यादा थोडी जरी ओलांडली तरी वेग एकदम कोसळतो. म्हणूनच सरासरी गरजेवर माप ठरवणे धोक्याचे असते. विद्यापीठाच्या ऑनलाइन मुलाखतीत पडदा सामायिक करताना, किंवा मुद्रणाला जाण्याच्या आदल्या रात्री डीटीपी ऑपरेटरने ४०० पानांच्या पुस्तकाची पीडीएफ काढताना यंत्र थांबले, तर उरलेल्या वर्षभर ते किती सुरळीत चालले या हिशेबाला फारसा अर्थ राहत नाही.

संशयी : कडा असतो हे खरे, पण आपण त्या कड्यावर उभे आहोत की नाही, हे अंदाजाने ठरवू नये, ते मोजता येते. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो आणि त्याच्या परफॉर्मन्स विभागात मेमरीचे पान दिसते. तेथे ‘इन यूज’ म्हणजे प्रत्यक्ष वापरातली रॅम, ‘अव्हेलेबल’ म्हणजे मागितल्यास लगेच मिळणारी, आणि ‘कमिटेड’ म्हणजे प्रोग्रामना देऊ केलेली एकूण जागा, जिच्यात डिस्कवरच्या पेजफाइलचाही हिशेब धरलेला असतो. सर्वांत जड काम चालू असताना ‘अव्हेलेबल’ सतत तळाला जाते का आणि ‘कमिटेड’ प्रत्यक्ष रॅमपेक्षा बरेच वर राहते का, ते पाहावे. रिसोर्स मॉनिटरमध्ये ‘हार्ड फॉल्ट्स’ हा आकडा असतो; हवे असलेले पेज रॅममध्ये न सापडल्यामुळे डिस्कवरून आणावे लागण्याचे ते प्रसंग होत. प्रोग्राम उघडताना हा आकडा क्षणभर उसळणे स्वाभाविक असते, पण काम चालू असताना तो उंचावरच राहिला तर तूट खरी आहे. मॅकमध्ये ॲक्टिव्हिटी मॉनिटरचा मेमरी प्रेशर आलेख हिरवा, पिवळा आणि लाल या रंगांत हेच सांगतो. असे मोजले की अनेक तक्रारींचे मूळ दुसरीकडेच सापडते. यंत्रात अजून हार्ड डिस्क असेल तर एसएसडी बसवल्याने पडणारा फरक रॅम वाढवण्याने पडत नाही. पंख्यात धूळ साचून प्रोसेसर तापत असेल तर तो स्वतःचा वेग कमी करतो, आणि त्यावर रॅम हा उपाय नाही. साठा काठोकाठ भरलेला असेल तर पेजफाइललाही जागा उरत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन ‘लॅपटॉप स्लो झालाय, रॅम टाकून द्या’ असे सांगण्यापूर्वी हे पाहून घेतले, तर बराच खर्च टळेल.

उत्साही : मोजून ठरवण्याचा सल्ला उत्तम आहे, मात्र तो एका गृहीतकावर उभा आहे, आणि ते असे की मोजल्यावर तूट आढळली तर ती नंतर भरून काढता येईल. पूर्वी ते शक्य असे. लॅपटॉपच्या तळाचे स्क्रू काढले की सुमारे ६८ मिलिमीटर लांबीची हिरवी पट्टी दिसे. तिला सोडिम म्हणतात. दोन्ही बाजूंच्या क्लिपा बाहेर सारल्या की ती तिरकी वर येई आणि तिच्या जागी मोठी पट्टी बसवता येई. आता पातळ लॅपटॉपमध्ये रॅमच्या चिप मदरबोर्डवरच डाख देऊन, म्हणजे सोल्डर करून, बसवलेल्या असतात. ॲपलने नोव्हेंबर २०२०मध्ये आणलेल्या एम-१ चिपपासून तर रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजमध्ये गेली आणि प्रोसेसर व ग्राफिक्स दोघेही तोच साठा वापरू लागले. यामागे तांत्रिक कारणे आहेत. एलपीडीडीआर या कमी विजेवर चालणाऱ्या प्रकारात चिप आणि प्रोसेसर यांच्यातले अंतर जितके कमी, तितका वेग जास्त मिळतो आणि बॅटरी अधिक टिकते. सोडिमच्या लांब वाटेवर ते साधत नाही. परिणामी जो निर्णय गरज निर्माण झाल्यावर घ्यायचा, तो खरेदीच्या दिवशीच घ्यावा लागतो, आणि त्या दिवशी पुढच्या ५-६ वर्षांतले काम कोणत्याही टास्क मॅनेजरमध्ये दिसत नाही. ७ अब्ज पॅरामीटरचे एखादे भाषा-प्रारूप आपल्याच लॅपटॉपवर चालवायचे तर ते ४-बिट स्वरूपात साडेतीन जीबीच्या आसपास आणि १६-बिट स्वरूपात १४ जीबी जागा मागते. असे काम प्रत्येकाच्या वाट्याला येईलच असे नाही, पण ते येणार नाही असेही आज सांगता येत नाही. मोजणी झालेल्या कामाची होते. न झालेल्या कामासाठी थोडी शिल्लक ठेवावीच लागते.

संशयी : याच ‘शिल्लक ठेवा’ या सल्ल्यावर उत्पादकांचा नफा उभा राहतो. रॅम नंतर बदलता येत नाही म्हटले की ग्राहक धास्तीपोटी वरची आवृत्ती घेतो, आणि खुल्या बाजारातल्या पट्टीशी तुलना करण्याची सोयच उरत नसल्यामुळे त्या वाढीव जीबीची किंमत उत्पादक म्हणेल ती असते. ॲपल अनेक वर्षे ८वरून १६ जीबीवर जाण्यासाठी अमेरिकेत २०० डॉलर आणि भारतात २०,००० रुपये आकारीत होती. २०२४मध्ये तीच वाढ मूळ किंमत न वाढवता देता आली. दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. निकलाउस विर्थ या संगणकशास्त्रज्ञाने १९९५मधील एका लेखात असे निरीक्षण मांडले की यंत्रे जितक्या वेगाने जलद होतात त्याहून अधिक वेगाने सॉफ्टवेअर संथ होते. जागा स्वस्त झाली की ती जपून वापरण्याचे कारणच नाहीसे होते, आणि प्रत्येक ग्राहकाने भविष्याच्या भीतीने दुप्पट रॅम घेतली की पुढचे सॉफ्टवेअर ती दुप्पट रॅम गृहीत धरून लिहिले जाते. अशा रीतीने ज्या भविष्यासाठी शिल्लक ठेवली, ते भविष्य त्या शिलकीमुळेच लवकर येते. त्यात भर म्हणजे वापरात नसलेली रॅमही वीज घेते. डीरॅम या लॅपटॉपमधल्या नेहमीच्या रॅम-प्रकाराच्या प्रत्येक कोशात एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर असतो. कपॅसिटरमधला विद्युतभार गळत असल्यामुळे तो साधारण दर ६४ मिलिसेकंदांत पुन्हा भरावा लागतो, मग त्या कोशातली माहिती कोणाला हवी असो वा नसो. हा खर्च लहान असतो, पण शून्य नसतो.

उत्साही : विर्थचे निरीक्षण समाजाला उद्देशून योग्य आहे, ग्राहकाला उद्देशून नाही. एका अनुवादकाने ८ जीबीवर निर्धाराने काम चालवले म्हणून ब्राउझर बनवणारे सावध होत नाहीत. त्रास मात्र त्यालाच होतो. आणि ‘आज थोडी घ्यावी, पुढे स्वस्त होईल तेव्हा वाढवावी’ हे जुने गणितही आता भरवशाचे राहिलेले नाही. जगातल्या डीरॅमचे बहुतांश उत्पादन सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हाती आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरना लागणाऱ्या अतिवेगवान स्मृतीकडे त्यांनी क्षमता वळवल्यामुळे २०२५च्या उत्तरार्धात सामान्य ग्राहकाच्या रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या, आणि डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ‘क्रुशल’ हा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. जे आज स्वस्त आहे ते गरज पडेल तेव्हाही स्वस्त असेल, असे मानण्यासारखी परिस्थिती नाही. पर्यावरणाचा विचारही याच बाजूने जातो. लॅपटॉपच्या आयुष्यातल्या एकूण कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग तो तयार होतानाच घडून गेलेला असतो. म्हणून थोडी जास्त रॅम घेऊन तेच यंत्र २-३ वर्षे अधिक वापरणे हे कमी रॅमचे यंत्र लवकर टाकून देण्यापेक्षा शहाणपणाचे ठरते.

संशयी : जास्त रॅममुळे यंत्राचे आयुष्य वाढतेच, हे मात्र गृहीत धरता येत नाही, कारण यंत्र बहुधा रॅमशिवाय इतर कारणांनी निवृत्त होते. विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. २०१५च्या लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम असली तरी तो या चाळणीतून पार होत नाही. अशा यंत्रात नवी रॅम घालणे म्हणजे बंद होऊ घातलेल्या रस्त्याच्या दुरुस्तीवर खर्च करणे होय. लिनक्स बसवून ते पुढे वापरायचे असेल तर गोष्ट वेगळी, आणि त्या वेळी ४ जीबीवरून ८ जीबीवर जाण्याचा खर्च सार्थकी लागू शकतो. म्हणून रॅम वाढवण्यापूर्वी त्या यंत्राचे उरलेले आयुष्य कशावर अवलंबून आहे, हे पाहावे. बॅटरी गेली आहे, बिजागरी तुटली आहे आणि कार्यप्रणालीचा आधार संपला आहे, अशा स्थितीत रॅम वाढवून काही साधत नाही. उलट यंत्र ३-४ वर्षांचे असेल, त्यात एसएसडी असेल, कार्यप्रणालीला आधार असेल आणि मोजणीत तूट स्पष्ट दिसत असेल, तर रॅम वाढवणे हा सर्वांत कमी खर्चाचा उपाय ठरतो, हे संशय घेणाऱ्यालाही नाकारता येत नाही.

उत्साही : तेवढे मान्य झाले असेल, तर तो उपाय नीट कसा करायचा हेही सांगायला हवे, कारण चुका बहुतेक तेथेच होतात. डीडीआर-३, डीडीआर-४ आणि डीडीआर-५ या पिढ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. सोडिम पट्टीला अनुक्रमे २०४, २६० आणि २६२ पिना असतात आणि खाचही वेगवेगळ्या ठिकाणी असते, म्हणून चुकीची पट्टी दाबून बसवू पाहिल्यास स्लॉटच खराब होतो. यंत्र जास्तीत जास्त किती रॅम स्वीकारते, हे मॉडेलनुसार ठरलेले असते. ते खरेदीपूर्वी तपासावे. एकाऐवजी सारख्या क्षमतेच्या दोन पट्ट्या बसवल्या तर प्रोसेसर दोन वाटांनी एकदम माहिती घेऊ शकतो, ज्याला ड्युअल चॅनल म्हणतात, आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये हा फरक विशेष जाणवतो, कारण तेथे ग्राफिक्सही याच रॅमवर चालते. त्याच कारणाने ८ जीबीच्या लॅपटॉपवर कार्यप्रणाली ८हून थोडी कमी रॅम वापरता येण्याजोगी दाखवते. उरलेली चोरीला गेलेली नसते. काही यंत्रांत अर्धी रॅम सोल्डर केलेली आणि अर्ध्यासाठी एक स्लॉट, अशी मिश्र रचना असते, आणि तेथे पुढे वाढवण्याची वाट निम्मी तरी खुली राहते. नव्या लॅपटॉपमध्ये हे कसे ओळखावे, तर टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर ‘फॉर्म फॅक्टर’ या नावापुढे बहुधा ‘सोडिम’ किंवा ‘रो ऑफ चिप्स’ असे लिहिलेले असते. दुसरा शब्द दिसला तर रॅम बोर्डवरच बसवलेली आहे असे समजावे. खात्रीसाठी उत्पादकाचे माहितीपत्रक पाहावे, कारण चिप मोजून दाखवलेले स्लॉट पुष्कळदा दिशाभूल करतात.

संशयी : म्हणजे वादाचे स्वरूपच बदलले. आरंभी प्रश्न होता तो १६ की ३२ असा. आता दिसते की तो एक प्रश्न नसून दोन आहेत आणि दोन्हींची उत्तरे वेगळ्या रीतीने द्यावी लागतात. स्लॉट असलेल्या यंत्रात मोजणी पुढे आणि खरेदी मागे ठेवता येते. आज ८ जीबीवर भागत असेल तर भागवावे, तूट दिसली की वाढवावे, आणि तेथे भीतीला जागा नाही. सोल्डर केलेल्या यंत्रात खरेदी आधी आणि मोजणी नंतर येते, म्हणून तेथे थोडा अंदाज अपरिहार्य आहे, आणि तेवढ्यापुरता जास्त रॅमचा आग्रह मान्य करावा लागतो. मात्र हा अंदाज करण्याची पाळी ग्राहकावर का यावी, हा प्रश्न त्यामुळे मिटत नाही. वेग आणि बदलण्याची सोय ही दोन्ही एकत्र साधण्याचे प्रयत्न झाले आहेत. डिसेंबर २०२३मध्ये जेडेक या मानक ठरवणाऱ्या संस्थेने कॅम-२ हे मानक प्रसिद्ध केले, ज्यात रॅमची पट्टी उभ्या खाचेत न घालता बोर्डवर आडवी स्क्रूने बसवली जाते आणि त्यामुळे एलपीडीडीआर चिपही काढता येते. २०२४मध्ये लेनोव्होच्या थिंकपॅड पी-१ या लॅपटॉपमध्ये ती वापरली गेली. तंत्र हाती असताना ते सरसकट वापरात येत नसेल, तर सोल्डरिंगमागचे कारण केवळ तांत्रिक आहे, हे म्हणणे तपासून घ्यावे लागेल.

उत्साही : तपासावे, पण नवी जोडणी जाडी वाढवते, खर्च वाढवते आणि तिचे उत्पादन अजून थोडे आहे, हेही त्या तपासणीत धरावे. ग्राहकाला पातळ, हलका आणि दिवसभर बॅटरी चालणारा लॅपटॉप हवा असतो आणि त्यासाठीच तो पैसे मोजतो. बदलता येणारी रॅम त्याच्या मागण्यांत शेवटी येते, मग उत्पादकाने तिला पहिले स्थान का द्यावे? भारत सरकारने डिसेंबर २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल सुरू केले, परंतु दुरुस्तीची माहिती मिळणे आणि मुळात दुरुस्त करता येईल असे यंत्र मिळणे यांत बरेच अंतर आहे, आणि ते अंतर खरेदीदाराच्या पसंतीशिवाय भरून निघणार नाही.

संशयी : पसंती बनण्यासाठी पर्याय दुकानात दिसावा लागतो, आणि खोक्यावर ‘१६ जीबी’ ठळक छापले जाते तसे ‘रॅम बदलता येत नाही’ हे कोठेही छापलेले नसते. हा मतभेद येथे मिटणारा नाही. तरी उद्या दुकानात जाणाऱ्याने एवढे निश्चित करावे: जुने यंत्र असेल तर आधी आठवडाभर आपल्या सर्वांत जड कामाच्या वेळी आकडे पाहावेत, नवे घेताना रॅम किती हे विचारण्याआधी ती वाढवता येते का हे विचारावे. उत्तर ‘होय’ असेल तर आजच्या गरजेपुरती घ्यावी. ‘नाही’ असेल तर आजच्या मोजलेल्या गरजेच्या वरची एकच पायरी घ्यावी, म्हणजे बहुतेकांना १६ जीबी आणि चित्र, ध्वनिचित्रण किंवा भाषा-प्रारूपांचे काम करणाऱ्यांना ३२ जीबी. आणि विक्रेत्याला उत्तर ठाऊकच नसेल, तर ते कळेपर्यंत पैसे देऊ नयेत.